तीन शितं

शितावरून भाताची परीक्षा, असं पहिल्यांदा म्हणणाऱ्या बाईपुढे
भांडं एकच असणार.
माझ्यापुढे बारा हजार भांडी आहेत
आणि प्रत्येकात तीनच शितं.

तीन आजारी, तीन धडधाकट. एवढीच माणसं मिळाली
अख्ख्या स्कॉटलंडात, दोन वर्षं पत्रं पाठवून.
हाताची पकड हळूहळू सुटत जाते असा आजार,
त्याला अजून धड नावही नाही, नुसती आद्याक्षरं.
प्रत्येकाच्या दंडातला तिळाएवढा तुकडा,
त्यातून बारा हजार जनुकांचे आकडे,
आणि इशबेल गेडी रोज दुपारी माझ्या दाराशी:
"लागली का रांग?"

लागली होती. साधा भागाकार.
वर दोन सरासऱ्यांमधला फरक,
खाली आकड्यांची घरातल्या घरात चाललेली भांडणं.
ज्याच्या घरी भांडण नाही त्याचा छेद बारीक,
आणि छेद बारीक झाला की
फरक कवडीचा असला तरी उत्तर बेडकासारखं फुगतं.
पहिला आलेला जनुक असाच.
आजाऱ्यांत सात पूर्णांक एक, सात पूर्णांक एक, सात पूर्णांक एक.
निरोग्यांत सात. सात. सात.
पढवून आणलेल्या साक्षीदारासारखा.

इशबेलने त्याचं नाव फ्रीझरच्या दारावर लिहिलं,
हिरव्या मार्करने, खाली दोन रेघा.

मी तिला काय सांगणार?
मी डंडीत आले तेव्हा तीन दिवस धुकं होतं.
टे नदी नाही, पूल नाही, समोरचा किनारा नाही.
घरी फोन करून ठामपणे सांगितलं होतं मी,
या गावाला पलीकडची बाजूच नाही.
तीन दिवस, तीन धुकी, विचरण शून्य.
एवढी खात्री मला पुढे कशाचीच वाटली नाही.

भांडी बारा हजार, पण चूल एकच,
हे सुचायला गुरुवार उजाडला.
एकाच हाताने कापलेले तुकडे,
एकाच यंत्रात, एकाच दिवशी घातलेले.
तर आच किती कमीजास्त होते
हे एका भांड्याला कशाला विचारायचं, सगळ्यांना विचारू.
जो फार गप्प, त्याच्या छेदात शेजारचा थोडा गोंगाट,
जो फार कलकलाट करतो, त्याचा थोडा काढून घ्यायचा.
विरजणासारखं. चमचाभर, उसनं.
किती चमचे, तेही भांडीच सांगतात,
माझ्या मनाचं त्यात काही नाही.

रांग पुन्हा लागली.
पहिला गेला दोनशे चौदावर.
नववा पुढे आला, अडखळत बोलणारा,
तिन्ही वेळा वेगळा आकडा,
पण तिन्ही वेळा निरोग्यांपासून लांब.

"म्हणजे तो खोटा?"
"खोटा नाही गं. आपण त्याला फार कमी वेळा विचारलं."
"आणि हा खरा?"
"यालाही तीनदाच विचारलंय. रांग आहे ही, निकाल नाही."

तिने चहा केला, दूध विसरली.
फ्रीझरवरचं नाव अंगठ्याने पुसलं,
रेघांसकट एक हिरवट डाग राहिला.

मग खणातून काढली तिने चौथ्या नळीची संमतीपत्रं.
आर्ब्रोथचा कुणी मच्छीमार,
नावावर तिचा तोच हिरवा अंगठा.
तीन पानं, तीन सह्या.
पहिली ओळीवर.
दुसरी ओळीखाली घसरलेली.
तिसरी कागद सोडून टेबलावर गेली असावी,
कारण उरलेली अर्धीच होती.

सवयीने मी अंतरं मोजू लागले.
इशबेल म्हणाली, "ही नको मोजूस."